दहावीचा पेपर काढणाऱ्यांना, कृषी केंद्राच्या काउंटरवरून

प्रति,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, पुणे,
मा. विभागीय अध्यक्ष, नागपूर आणि अमरावती,
आणि ज्यांची नावं कधी बाहेर येत नाहीत ते दहावीचे सगळे पेपर काढणारे

सप्रेम नमस्कार.

शाळेत पोरं शिकतात की नुसतं घोकतात, हा वाद आमच्या भागात दरवर्षी निकालाच्या सुमारास उठतो आणि पेरणी लागली की विरतो. खापर फोडायची डोकी ठरलेली आहेत. मास्तर शिकवत नाहीत, पोट्टे मोबाईल सोडत नाहीत, मायबाप लक्ष देत नाहीत. तुमच्यापर्यंत कोणी येत नाही. मी येतो आहे, कारण माझ्या मते आमच्या शाळा आपलं काम चोख करतात. तुम्ही जे विचारता ते शिकवतात, जे विचारत नाही त्याला हात लावत नाहीत. मग बोलायचं तर पेपर काढणाऱ्याशीच बोललं पाहिजे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात कृषी केंद्र चालवतो. बियाणं, खत, औषध. शिक्षण अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून, बी.एस्सी. ॲग्री. शिक्षक नाही, शिक्षणतज्ज्ञ तर नाहीच. पण जून ते ऑक्टोबर माझ्या काउंटरवर दहावी झालेली, दहावीला बसणारी आणि दहावीत अडकलेली पोरं बापासोबत येतात. शाळेतून ती काय घेऊन निघाली ते मला तिथं दिसतं. तुमच्या उत्तरपत्रिकेत ते दिसायची सोयच नाही.

एक उदाहरण घ्या. कपाशीवरच्या रसशोषक किडींसाठी नेहमी खपणारं एक औषध. डब्यासोबतच्या माहितीपत्रकावर छापलेलं असतं: हेक्टरी १२५ एमएल, ५०० लिटर पाण्यात. वावर दीड एकर, पंप १५ लिटरचा. औषध किती न्यायचं, पंपात किती टाकायचं? दीड एकर म्हणजे साधारण ०.६ हेक्टर. औषध ७५ एमएल, पाणी ३०० लिटर, म्हणजे वीस पंप, आणि पंपाला पावणेचार एमएल. खालच्या वर्गातली एकमान पद्धत, त्यापलीकडे काही नाही.

पोरगा पत्रक उघडतो, दोन्ही बाजूंनी बघतो, घडी घालून मला परत देतो. "काका, तुम्हीच सांगा ना, किती झाकणं टाकाचे?"

हाच पोरगा बारा मजूर पंधरा दिवसांत काम करतात ते गणित बघता बघता सोडवतो. मजूर वाढवा, दिवस कमी करा, तरी सोडवतो. मग पत्रकापाशी काय अडतं, यावर मी बराच विचार केला. पुस्तकातल्या गणितात जेवढे आकडे लागतात तेवढेच दिलेले असतात, आणि ते ज्या क्रमानं लागतात त्याच क्रमानं. माहितीपत्रकावर चार पिकं, सात किडी, तीन प्रकारची मात्रा आणि काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची ते, असे पन्नास आकडे बारीक अक्षरात दाटीवाटीनं बसलेले असतात. त्यातले आपले कोणते, हे आधी ठरवावं लागतं. हे ठरवायला पोराला दहा वर्षांत कोणी सांगितलंच नाही. तुमच्या पेपरात नको असलेला आकडा दिला तर उद्या तक्रार होईल की प्रश्न चुकीचा छापला, म्हणून तुम्हीही देत नाही.

दहावीच्या गणितात 'अर्थनियोजन' हे प्रकरण आहे. त्यात जीएसटी आहे, शेअर आहेत, दलाली आहे. चांगलं प्रकरण आहे. बिल फाडताना मी पोरांना मधूनच विचारतो: डब्याची छापील किंमत ५९० रुपये, त्यातच १८ टक्के जीएसटी धरलेला, तर कर किती? बहुतेक पोरं ५९० चे १८ टक्के काढतात आणि १०६ रुपये २० पैसे सांगतात. मूळ किंमत ५००, कर ९०. सूत्र तोंडपाठ आहे, पण टक्के कशाचे काढायचे हा प्रश्न पडलेला नाही. परीक्षेत 'करासह किंमत' असे शब्द दिसले की कोणती रीत लावायची, तेही त्यांनी पाठ केलेलं आहे. माझ्या बिलावर ते शब्द नसतात.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात आमच्या जिल्ह्यात जे झालं ते देशभर गाजलं. फवारणी करताना विषबाधा होऊन शेकडो माणसं दवाखान्यात गेली आणि वीसच्या आसपास जीव गेले. कारणं पुष्कळ होती. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, त्या साली डोक्याच्या वर गेलेली, जोरानं फेकणारे पंप, दोन-तीन औषधं एकत्र कालवायची सवय, तोंडाला फडकंसुद्धा नाही. यातलं एकही ओझं मी शाळेवर टाकणार नाही, आणि त्यात आम्हा दुकानदारांचा वाटा कमी नाही. पण डब्यावर एक चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग असतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा. लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात कमी. दहा वर्षं विज्ञान शिकलेल्या पोरानं घरी बापाला एवढं सांगितलं असतं, तर काही घरांत पंप उचलायच्या आधी निदान विचार झाला असता. हा चौकोन दहावीच्या पेपरात मी कधी पाहिला नाही.

आता विज्ञानाचंच बोलतो, कारण यात माझा जीव अडकलेला आहे.

विज्ञान भाग २ चं पहिलंच प्रकरण आनुवंशिकता आणि उत्क्रांती. डार्विन, नैसर्गिक निवड. पोरांना व्याख्या पाठ, टीप पाठ, 'डार्विनचा सिद्धांत स्पष्ट करा' याचं उत्तर गाईडमध्ये पाच ओळींत तयार. आणि त्याच पोरांच्या वावरात तोच सिद्धांत दर हंगामात घडतो आहे, त्यानं त्यांच्या बापाला कर्जात घातलं आहे, हे कोणी त्यांना दाखवत नाही.

बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारी कपाशी, आपल्याकडे २००२ मध्ये आली, दोन जनुकांची २००६ मध्ये. बोंडअळी मरायची. कंपनी पाकिटासोबत १२० ग्रॅमचं आणखी एक छोटं पाकीट द्यायची, बिगर बीटी बियाण्याचं, त्याला आमच्याकडे 'रेफ्युजी' म्हणत. ते बांधाकडेनं लावायचं होतं. आमच्या भागात ते बहुतेकांनी फेकून दिलं. अळी ज्याला खाईल असं झाड आपणच कशाला लावायचं, हा हिशेब वरवर बरोबर वाटतो. पण सगळं वावर बीटीचं असलं की त्यातून तीच अळी वाचते जिला ते विष पचतं. वाचलेल्यांची वाचलेल्यांशीच जोडी जमते आणि पुढची पिढी सगळीच पचवणारी निघते. बांधावर बिगर बीटी झाडं असली तर तिथं साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग या पचवणाऱ्या पतंगांशी जुळतात आणि पिल्लांत तो गुण अर्धाच उतरतो. अशी पिल्लं बीटीवर मरतात. नववीतला आनुवंशिकतेवाला मेंडेल आणि दहावीतला डार्विन दोघंही त्या १२० ग्रॅमच्या पाकिटात होते. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भाची कपाशी खाल्ली तेव्हा नैसर्गिक निवड कशी चालते ते आमच्या प्रत्येक घराला कळायला हवं होतं. 'बियाणं बोगस निघालं' एवढंच कळलं. पुढे तर कंपन्यांनी बिगर बीटी बी त्याच पाकिटात मिसळून द्यायला सुरुवात केली, कारण समजावून सांगण्यापेक्षा मिसळणं सोपं. कापसाचं संशोधन करणारी केंद्रीय संस्था नागपूरला आहे. त्यांनी जे वर्षानुवर्षं सांगितलं ते गावात झिरपलं नाही, आणि झिरपायचा सगळ्यात सरळ रस्ता नववी-दहावीचा वर्ग होता.

"गुलाबी बोंडअळी बीटीवर का मरत नाही? रेफ्युजी का लावायचं?" असा एक प्रश्न चार गुणांना आला असता, तर पुढच्या वर्षी विदर्भातल्या प्रत्येक शाळेनं तो शिकवला असता. मी हे छातीठोकपणे सांगतो, कारण शाळा तुमचं ऐकतात.

मराठीच्या पेपराबद्दल बोलताना मात्र हसू येतं. 'शेतकऱ्याचे मनोगत' हा निबंध आमच्या पोरांना पाठ असतो. कास्तकाराचं पोरगं, पहाटे बापासोबत वावरात पाणी धरून आलेलं, परीक्षेत लिहितं की माझी हिरवीगार भातशेती वाऱ्यावर डोलते आणि झुळझुळ वाहणारा ओढा माझ्याशी बोलतो. आमच्या शिवारात भात नाही. ओढा दिवाळीपर्यंत आटतो. रानडुकरं नाहीत त्या निबंधात, रात्रीच्या पाळीची वीज नाही, कापूस वेचणीचे किलोमागे किती द्यायचे यावरची घासाघीस नाही. गाईड लिहिणाऱ्यानं विदर्भ पाहिला नसेल, त्याला दोष देत नाही. पण या पोरानं स्वतःचं घर पाहिलेलं आहे आणि तरी ते लिहायची त्याची हिंमत होत नाही. त्याला पक्कं माहीत आहे की स्वतःचं लिहिलं तर चुकेल, गाईडमधलं लिहिलं तर गुण मिळतील.

तुम्ही भाषेसाठी कृतिपत्रिका आणली, त्यात 'स्वमत' आणलं, न वाचलेला उतारा आणला, हे मला माहीत आहे आणि त्याबद्दल तुमचं कौतुकही आहे. रोख बरोबर होता. पुढच्याच हंगामात गाईडमध्ये स्वमत छापून आलं. प्रत्येक पाठावरचं स्वमत, आठ ओळींत, सुवाच्य. आता आख्ख्या वर्गाचं एका मुद्द्यावर एकच मत असतं, तेही शब्दशः, आणि त्याला पूर्ण गुण पडतात. तपासणाऱ्याकडे गठ्ठे, वेळ थोडा, समोर आदर्श उत्तर. त्याच्या जागी मी असतो तर मीही टिक मारून पुढे गेलो असतो.

शिक्षकांबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. माझ्या दुकानात बसायला येणारे एक सर आहेत, विज्ञान शिकवतात, शेतीही करतात. मी त्यांना बोंडअळीचं बोललो तेव्हा ते म्हणाले, "भाऊ, मी सांगाले लागलो होतो एकदा. पोट्ट्यायनं विचारलं, सर, हे पेपरात येते काय? मी म्हटलं, नाही येत. झाल्या ना वह्या बंद." त्यांची गोष्ट इथंच संपत नाही. मे महिन्यात हेच सर उन्हातान्हात गावोगाव फिरून पोरं गोळा करतात, कारण पट कमी झाला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, एक शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि तो कोण असेल ते सगळ्यांना ठाऊक असतं. पोरं मिळवायची तर बसस्टँडवर फ्लेक्स लागतो, फ्लेक्सवर निकाल लागतो, आणि निकाल तुमच्या हातात आहे. त्यात निवडणुकीचं काम, ऑनलाइन माहिती भरणं, शिष्यवृत्तीचे अर्ज. अशा माणसाला कोणी 'घोकंपट्टी थांबवा' असा उपदेश केला की मला राग येतो. त्यानं थांबवली तर नुकसान त्याचं एकट्याचं होतं.

निकाल तुमच्या हातात आहे, हे मी उगाच म्हणत नाही. तुमचेच आकडे आहेत. मार्च २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेनं द्यायचे २० गुण काढून टाकले, पेपरही नव्या अभ्यासक्रमाचा होता, आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. सगळ्यात तळाला आमच्या विदर्भातलाच नागपूर विभाग. ओरड झाली, त्याच वर्षी शाळेचे २० गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. पुढच्या वर्षी करोनामुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा ९९.९५ टक्के. या तीन वर्षांत पोरं आधी अचानक मठ्ठ आणि मग अचानक हुशार झाली, असं तुम्हालाही वाटत नसेल. मग हे आकडे नक्की काय मोजतात? पोराला काय येतं ते तर नक्कीच नाही.

२०१९ मधून शाळा एक गोष्ट शिकल्या: शाळेचे वीस गुण म्हणजे विम्याचा हप्ता. आमच्याकडे त्या विसातले सतरा-अठरा सगळ्यांना मिळतात, जो वर्गात कधी दिसला नाही त्यालाही. तुम्हीही धडा घेतला असेल, की पेपर अवघड केला तर मुंबईत मोर्चा येतो. मला त्या वर्षाचा अर्थ वेगळा लागतो. तुम्ही पद्धत बदलली, पण शिकवणाऱ्याला वेळ दिला नाही, नमुने पुरेसे दिले नाहीत, आणि त्याची किंमत पुण्याच्या पोरानं कमी आणि आमच्या जिल्ह्यातल्या झरी-जामणीच्या पोरानं जास्त मोजली.

याला सोपा उपाय नाही, पण रस्ता कोणीच चालला नाही असंही नाही. सीबीएसईनं दहावीच्या पेपरात निम्मे गुण उपयोजनावरच्या प्रश्नांना ठेवले आहेत. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी तर २००९ चा शिक्षण हक्क कायदाच, २९ व्या कलमात, सांगतो की मूल्यमापन मुलाच्या समजेचं आणि ते ज्ञान वापरता येण्याचं व्हावं. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली आहे. ती परीक्षाही तुमच्याच पेपरासारखी निघाली, तर घोकायचं वय पंधरावरून दहावर येईल.

'असर' हा सर्वेक्षणाचा अहवाल तुमच्या टेबलावर येत असणारच. २०२३ साली त्यांनी १४ ते १८ वयाच्या मुलांना काही रोजची कामं दिली. त्यात एक होतं ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना वाचून चार प्रश्नांची उत्तरं देणं. ज्यांना वाचता येत होतं त्यांच्यापैकी साधारण दोन तृतीयांशांना चारपैकी निदान तीन जमली. उरलेल्या एक तृतीयांशांना अक्षरं वाचता येत होती आणि पाकीट वाचता येत नव्हतं. आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं निम्म्याहून जास्त मुलांना जमलं नाही. माझ्या काउंटरवर जे दिसतं ते माझ्याच तालुक्याचं दुखणं आहे, असं मी म्हणूनच समजत नाही.

कॉपीचं बोललो नाही तर पत्र अपुरं राहील. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉपीमुक्त अभियान, भरारी पथक, बैठे पथक, ड्रोन, कॅमेरे. विदर्भातल्या केंद्रांची नावं वर्तमानपत्रात येतात आणि आम्हाला लाज वाटते. पण चिठ्ठी कशाची होते? जे उत्तर आधीच लिहून ठेवलेलं आहे त्याची. गाईडचं पान फाडून खिशात घालता येतं, कारण प्रश्न गाईडमधूनच येणार हे सगळ्यांना माहीत असतं. पेपरात पूर्वी कधी न पाहिलेलं माहितीपत्रक छापून आलं, न पाहिलेलं वीजबिल आलं, तर खिडकीतून काय फेकणार? फळ्यावर उत्तर लिहून देणारा महाभाग असेल तर त्याच्यापुढे इलाज नाही, तो पोलिसांचा विषय. पण बाकीच्यांसाठी असा प्रश्नच पुरेसं पथक आहे, आणि त्याला भत्ता द्यावा लागत नाही.

आता एक आक्षेप. तो मी माझ्याच दुकानात ऐकला आहे. पोराला पत्रक वाचायला लावलं तर एका कास्तकारानं मला सुनावलं, "वावरातलंच शिकवाचं हाये तं शायेत काहून धाडू? माह्यासंगच ठेवतो ना." या बोलण्यात दम आहे आणि त्याला इतिहासही आहे. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या पुढाकारानं शिक्षण परिषद भरली, मग झाकिर हुसेन यांची समिती बसली आणि सेवाग्रामला नई तालीम उभी राहिली. टकळीवर सूत काढायचं, ते मोजायचं, तोलायचं, त्यातून गणित. कापूस कुठून येतो, कुठं जातो, त्यातून भूगोल आणि इतिहास. देशभर गाजलेला हा विचार आमच्या कापसाच्या मुलखात उगवला. आणि आमच्याच लोकांनी तो बाजूला सारला, कारण हातानं काम करायला लावणारी शाळा म्हणजे पोरांना पुन्हा त्याच चिखलात ढकलणं, असं गरिबाला वाटलं. शिकलेल्यांची पोरं बीजगणित करणार आणि आमची सूत कातणार? ज्यांना पिढ्यानपिढ्या हातकामालाच जुंपलं गेलं त्यांची ही भीती मला खोटी वाटत नाही.

म्हणून मी शेतीचा विषय मागत नाही. वेगळं 'ग्रामीण गणित' तर मुळीच नको. बीजगणित तेच राहू द्या, भूमिती तीच राहू द्या, आम्हाला ती पुण्याएवढीच हवी. मागणं एवढंच, की प्रश्न असा यावा जो पुस्तकात जसाच्या तसा नाही, आणि त्यात कागदावरचं काहीतरी खरं असावं. शहरातल्या पोराला डासांच्या औषधाची बाटली द्या, सोसायटीचं पाण्याचं बिल द्या. आमच्याला माहितीपत्रक द्या. दोघांनाही दोन्ही द्या, त्यांनी एकमेकांचं आयुष्य वाचून बघावं.

आणि घाई करू नका. ८० पैकी २० गुणांपासून सुरुवात करा, तीही आधी नववीला. दोन वर्षं आधी जाहीर करा. प्रश्नांचे भरपूर नमुने मंडळाच्या संकेतस्थळावर टाका, इतके की पाठ करणं परवडू नये. एका प्रश्नाला दोन-तीन बरोबर उत्तरं असू शकतात हे तपासणाऱ्यांच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहा, आणि रीत बरोबर असून बेरीज चुकली तर गुण कापू नका. शाळेच्या वीस गुणांऐवजी पोराकडून गावातलं एक काम करवून घ्या: पावसाची नोंद, विहिरीच्या पाण्याची पातळी, आजीकडून १९७२ च्या दुष्काळाची हकीकत. दुसऱ्या शाळेच्या शिक्षकानं ते दहा मिनिटं विचारून तपासावं. पहिल्या वर्षी निकाल थोडा उतरेल. त्या वर्षी पत्रकारांसमोर उभं राहून तुम्ही 'उतरला, आणि आम्ही मागे घेणार नाही' एवढं म्हणालात, तर शिकवायचं कसं ते आमच्या सरांना तुम्ही सांगायची गरज पडणार नाही. त्यांना ते येतं.

सोबत तीन प्रश्न पाठवतो आहे, वापरता आले तर वापरा.

एक, गणिताचा. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. खरेदी केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला एक टक्का कपात, आणि १२ च्या वर कापूस परत. तुमचा कापूस १४ क्विंटल ६० किलो, ओलावा ११ टक्के. व्यापारी दारात येऊन ७,६०० रोख देतो, केंद्रावर न्यायला गाडीभाडं २,००० रुपये आणि पैसे पंधरा दिवसांनी. कुठं विकाल? हिशेब दाखवा आणि कारण लिहा. दोन्ही उत्तरांना गुण मिळू शकतात.

दोन, विज्ञानाचा. एक शेतकरी म्हणतो, "मागच्या वर्षी या औषधानं अळी मेली, यंदा दुप्पट टाकलं तरी मरत नाही, म्हणजे औषध बनावट आहे." त्याचं म्हणणं बरोबर असू शकतं किंवा चूक. दुसरं कोणतं कारण असू शकेल, आणि दोन्हींतलं खरं कोणतं हे तुम्ही कसं तपासून पाहाल?

तीन, मराठीचा. सोबतचं माहितीपत्रक वाचा आणि वाचता न येणाऱ्या आजोबांना ते आपल्या घरच्या बोलीत दहा ओळींत समजावून सांगा. प्रमाण मराठीचे गुण या प्रश्नात नाहीत.

उत्तरं मुद्दाम जोडलेली नाहीत. जोडली असती तर पुढच्या सोमवारी ती यवतमाळच्या पुस्तकांच्या दुकानात छापून आली असती.

आपला,
एक कृषी केंद्रवाला
ता. आर्णी, जि. यवतमाळ